शंभर आणि शंभर मिळून पन्नास

मी शंभर वॅटचा गोळा बोलतोय. हां, तोच, काचेचा, पोटात तार असलेला. असं टक लावून बघू नका, डोळे दिपतील, आणि मग म्हणाल म्हातारा खोड्या काढतो. काढतोच! तुमच्या घरात आता सगळीकडे ते पांढरेफटक एलईडी बसलेत. उजेड भरपूर, पण जवळ हात धरून बघा, ऊब औषधालासुद्धा नाही. पाहुण्याला नुसतं 'या, बसा' म्हणायचं आणि चहाचं विचारायचंच नाही, तशातली गत. मी उजेड देतो थोडा आणि तापतो फार. लोक याला माझा दोष म्हणतात. याच दोषाच्या जोरावर आमच्या घरातली एक बाई परीक्षेला बसली. आता ऐकाच.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. जन्मल्याबरोबर कुणीतरी एकदा पेटवून पाहिलं, 'चालतोय' म्हटलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं. पुन्हा उजाडलं ते एकदम रोह्याशेजारी, वरसे गावच्या शाळेत, दहावीच्या वर्गात. तिथली ट्यूब गेली होती. शिपाई पोपट बाकावर बाक रचून वर चढला, मला होल्डरमध्ये अडकवलं आणि खाली उभ्या मुख्याध्यापकांना म्हणाला, "हा तात्पुरता हाय, सर."

आपल्याकडे एकदा तात्पुरता म्हणून बसलेला माणूस हलतो का कधी? मीही हललो नाही. वर्षानुवर्षं तिथेच लटकत राहिलो.

माझा होल्डर होता ढिला. म्हणजे देवानंच मला खोडी काढायची सोय करून दिली होती. गुरुजी फळ्याकडे वळले की मी लुकलुक करायचो. पोरं खिदळायची. गुरुजी गर्रकन मागे फिरले की मी सरळ, साळसूद, जसा काही गाभाऱ्यातला नंदादीप. मार कुणाला, तर मागच्या बाकाला.

विज्ञानाच्या वैशालीबाई मात्र मागे वळायच्याच नाहीत. लिहिता लिहिताच म्हणायच्या, "वरचा होल्डर ढिला आहे. खाली काही जण त्याच्याहून ढिले आहेत. लिहून घ्या."

विजेचा धडा आला की मी बाईंचं साहित्य. "वर बघा! याच्या कपाळावर काय लिहिलंय? शंभर वॅट, दोनशे वीस व्होल्ट. मग याचा रोध किती? व्होल्टचा वर्ग करा, वॅटनं भागा." पोरं पेन चावायची. बाईच शेवटी लिहायच्या: चारशे चौऱ्याऐंशी ओहम. माझी छाती फुगायची. स्वतःच्या पोटातली तार किती अडवते ते मला त्या दिवशी कळलं. तुम्हाला तुमचं कळलंय का कधी?

दुसऱ्या बाकावर पोपटची मुलगी बसायची, नम्रता. चुणचुणीत, पण या धड्यात तिची गाडी चिखलात रुतायची. सूत्र पाठ, गणित सपाट. विभवांतर भागिले रोध बरोबर धारा, हे ती झोपेतही म्हणायची. पण गणितात बल्ब आला की तिला आधी भागायचं की गुणायचं ते सुचत नसे. मग बाईंचा टोला ठरलेला, "नम्रता, बल्ब डोक्यावर आहे, डोक्यात नाही."

एके दिवशी बाईंनी फळ्यावर वेगवेगळ्या वॅटचे दोन बल्ब काढले. "हे दोघे एकाच तारेवर, एकापाठोपाठ एक जोडले, तर त्याला म्हणतात एकसर जोडणी. आता यातला जास्त कोण तापेल? तर..."

आणि पोपट शिडी घेऊन वर्गात आला! शाळेला नव्या ट्यूबा मिळाल्या होत्या. त्यानं मला तिथल्या तिथे पिळून उतरवलं. 'तर'च्या पुढचं माझं शिक्षण राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून मी अर्धशिक्षित. नम्रतानं पुढचं ऐकलं, पण वहीतच ठेवलं. त्या वर्षी ती सगळ्या विषयांत पास झाली आणि विज्ञानात आपटली. म्हणजे एकाच वर्गातून आम्ही दोघं अर्धवट बाहेर पडलो.

पुढं पोपटनं मला घरी नेऊन कोंबडीच्या पिल्लांच्या खोक्यात टांगलं. ते दिवस मजेचे! पिल्लं माझ्याभोवती अशी दाटीवाटीनं बसायची, जसे काही सत्यनारायणाला जमलेले पाहुणे. मी जरा लुकलुकलो की सगळी एकदम चिवचिवायची. कौतुक करणारा असा श्रोता मला परत मिळाला नाही.

मधल्या काळात नम्रताचं लग्न होऊन ती पेणला गेली. सासरे हिरामण शाडूच्या गणपतीचा कारखाना चालवायचे. कारखाना म्हणजे घराशेजारची पत्र्याची लांबट खोली, आत फळ्यांवर रांगेनं बाप्पा. नवरा प्रणित कंपनीत शिफ्टला. नम्रता सकाळी स्वयंपाक करायची, दुपारी बाप्पांचे उंदीर घडवायची आणि अधूनमधून ओट्यामागे लपवलेलं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढायची. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. घरात मिक्सर बिघडला की तीच उघडायची. पण आयटीआयच्या दारावर पहिला सवाल तोच: दहावी पास का?

जुलैतल्या फेरपरीक्षेला तिनं अर्ज भरला आणि सासूबाईंना, म्हणजे इंदुबाईंना, सांगितलं.

"परीक्षा? आणि ती पण सीझनमध्ये?" इंदुबाईंनी कपाळाला हात लावला. "गो, सगळी दुनिया गणपती बसवायच्या घाईत हाय, आन तुला पेपराला बसायचंय?"

"एकाच दिवसाचा प्रश्न हाय, आई. रोह्याला जायचं नि संध्याकाळी परत."

हिरामण उंदराचे कान घडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ती अष्टमी गावच्या मंडळाची मूर्ती आधी सुकू दे. मग बघू."

इथं सगळी मेख होती. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या एका मंडळानं अडीच फुटी शाडूची मूर्ती सांगितली होती, भरीव पोटाची, मोठ्या ऐटीत बसलेली. पाऊस असा लागला होता की शाडू सुकायचं नाव घेईना. पंखा लावला तर कातडी सुकायची, आत ओल राहायची आणि पोटावर तडा जायचा. तडकलेल्या बाप्पाला रंग लावत नाहीत. त्याला परत पाण्यात भिजवतात आणि पहिल्यापासून घडवतात. एक असा भिजला होता. म्हणून नम्रतानं माहेरी फोन लावला. "बाबा, पिल्लं मोठी झाली ना? मग तो गोळा घेऊन या. इथं दुकानात मागितला तर हसतात."

पोपटनं मला पोह्याच्या पिशवीत घातलं आणि रोह्याहून गाडी धरली. निडी आलं, नागोठणं गेलं, मी पोह्यांत लोळत पेणला पोचलो. राजेशाही प्रवास! इंदुबाईंनी पिशवीत हात घातला आणि किंचाळल्या, "अगो बाय, पोह्यात अंडं!"

मला बाप्पाच्या पोटासमोर वीतभर अंतरावर टांगलं. लांब टांगावं तर पाठीमागच्या बाप्पाच्या मुकुटाला टेकत होतो, एवढी तिथं दाटी. हिरामणांनी बटण दाबलं आणि मी पेटलो! पूर्ण शंभर! म्हटलं, बघ लेका पेण, वरशाचं पाणी काय असतं ते. दुपारपर्यंत पोट पांढरं पडायला लागलं. मी वाट बघत होतो की आता हे शाबासकी देतील.

टच्.

बेंबीपासून छातीपर्यंत तडा. हिरामणांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तापलेला असूनही गार पडलो. त्यांनी बाप्पाला हात जोडले आणि पाण्याच्या पिंपात भिजत घातलं. दुसरा बाप्पा गेला. मग तिसऱ्यांदा माती मळायला घेतली आणि नम्रताला म्हणाले, "ही पण गेली तर ऑर्डर गेली. मग रातंदिस सगळ्यांनी खपायचं. पेपरबिपर काय नाय."

"आन नाय तडकली तर?"

"तर जा. मी सोडतो स्टेशनवर."

असा सौदा झाला. तिचा पेपर आता बाप्पाच्या पोटावर अवलंबून होता.

मूर्ती घडेपर्यंत नम्रता मोकळ्या वेळात पुस्तक घेऊन बसायची. एका गणितावर तिचं बोट थांबलं. शंभर वॅटचा, दोनशे वीस व्होल्टचा बल्ब एकशे दहा व्होल्टवर लावला तर किती शक्ती वापरेल? तिनं पाटावरच्या शाडूच्या भुकटीत बोटानं मांडलं. रोध चारशे चौऱ्याऐंशी. एकशे दहाचा वर्ग बारा हजार शंभर. भागिले चारशे चौऱ्याऐंशी. उत्तर आलं पंचवीस. तिनं पुन्हा पुसून मांडलं. पुन्हा पंचवीस.

"व्होल्ट अर्धे, तर ऊब पाव," ती पुटपुटली, माझ्याकडे पाहिलं आणि सासऱ्यांना हाक मारली. "मामा! गोळा हाच, पण याला अर्धेच व्होल्ट दिले तर पंचवीसची ऊब मिळंल. हळूहळू सुकंल."

"अर्धी वीज आणायची कुठून?" हिरामण म्हणाले. "पावसात ती तशी पण अर्धीच येते, पण आपल्या सोयीनं नाय येत."

"दोन गोळे एकापाठोपाठ जोडायचे. व्होल्ट वाटून घेतील."

एकसर जोडणी! माझा राहिलेला धडा! मी होल्डरात ताठ झालो. कारखान्यात एक साठ वॅटचा गोळा होता, बारकासा, कोपऱ्यात धूळ खात. नम्रतानं मेन बंद केला, वायर कापली, आम्हा दोघांना एका तारेवर ओवलं. बाप्पाच्या डाव्या अंगाला तो, उजव्या अंगाला मी. मी त्याला म्हटलं, "पोरा, घाबरू नको. मी हाय."

मेन चालू झाला.

काय सांगू! तो पोरटा झगझगला आणि मी? मी असा मिणमिणलो की डास माझ्यावर बसून विश्रांती घ्यायला लागला. शंभर मी आणि उजेड त्याचा! इंदुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "पोपटरावांचा गोळा थकला गो. त्याला दोन दिस पेज पाज."

हसणं थांबलं ते संध्याकाळी. डावं अंग फिकट पडलं, उजवं अजून काळसर ओलं. हिरामणांनी उजव्या कुशीला गाल लावला. आत पाणी असलं की शाडू गालाला गार लागतो. मग डाव्या खांद्याकडे पाहिलं आणि श्वास आत ओढला. एकच अंग आधी सुकून आखडलं की शाडू फाटतो; खांद्यावर केसाएवढी रेघ उमटत होती.

"काढ ते सगळं!" ते ओरडले.

"थांबा, मामा!" नम्रतानं मेन बंद केला आणि पळत जाऊन ओलं फडकं आणून डाव्या अंगावर टाकलं. "रेघच हाय. ओली व्हईल, बसंल. मला फक्त एवढं कळू द्या, हा बारका जास्त का तापला."

ती भुकटीच्या पाटासमोर बसली. साठचा रोध काढला. आठशेच्या वर आला. माझा चारशे चौऱ्याऐंशी. ती बघतच राहिली. जितके वॅट कमी, तितका रोध जास्त! आणि तेव्हा तिच्या वहीत पडून राहिलेलं ते वैशालीबाईंचं वाक्य उठून बसलं. ती मोठ्यानं म्हणाली आणि मीही अखेर ते ऐकलं.

"बाई सांगायच्या, एका रस्त्यावर दोन गल्ल्या एकामागं एक. माणसं तेवढीच, दोन्हीतून तीच जाणार. पण जी गल्ली अरुंद, तिथं घासाघीस जास्त, घाम तिथंच. तर धारा दोघांत सारखी. ज्याचा रोध मोठा, तो जास्त तापणार. मामा, माझी चूक झाली. जोडी सारखी पायजे होती! शंभरला शंभरच."

बघा, 'तर'च्या पुढचं वाक्य मिळायला मला किती वर्षं लागली! आणि मिळालं ते माझाच माज उतरवणारं.

"दुसरा शंभरचा आणायचा कुठून?" हिरामण म्हणाले. बाजारात फक्त एलईडी. पावसाचा आवाज पत्र्यावर.

इंदुबाई उठल्या, आत गेल्या. मोरीतला दिवा विझलेला दिसला. परत आल्या तेव्हा पदरात गुंडाळलेला एक गोळा. शंभरचा! वाफेनं मळलेला, बाकी माझाच जुळा भाऊ.

"घे. अंधारात अंघोळ करीन," त्या म्हणाल्या. "साबण डोळ्यात गेला तर तुझ्या नावानं बोंबलीन. पण रोह्याला जा गो तू."

नम्रतानं मोरीतल्या भावाला माझ्या जोडीला ओवलं. मेन चालू. दोघंही सारखे, पिवळसर, शांत. शंभर आणि शंभर मिळून पन्नास! एकटा जळलो असतो तर शंभर, दोघं मिळून त्याच्या निम्मे. हिशेब उलटा वाटतो ना? वाटू द्या. नम्रताच्या पाटावर तो सुलटा होता. खरं सांगायचं तर मी पंचवीसपेक्षा जरा जास्तच देत होतो, कारण कमी तापलेली तार कमी अडवते. पण ते परीक्षेत लिहायचं नसतं, गुण जातात.

आता माझी कसोटी. होल्डर इथलाही ढिला! आणि एका तारेवर असल्यामुळे मी लुकलुकलो की भाऊही लुकलुकणार. हिरामण समोरच स्टुलावर बसलेले, डोळे आमच्यावर. एकदा जरी चमकलो असतो तरी त्यांनी वायर उपटली असती. खोडी पार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली होती, सांगतो! पण समोर नम्रता पुस्तक घेऊन बसली होती, माझ्याच उजेडात. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प राहिलो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. कोंबडीच्या पिल्लांनी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

बाप्पा दोन्ही अंगांनी सारखा फिकट होत गेला. खांद्यावरची रेघ हिरामणांनी ओल्या बोटानं दाबून बसवली होती, ती परत आलीच नाही. एका सकाळी त्यांनी पोटाला गाल लावला. इंदुबाई दारातच थबकल्या.

"काय झालं? बोला तरी!"

"गालाला ऊनऊन लागतंय," हिरामण म्हणाले. गाल तसाच ठेवून हसले. "आतपातूर सुकलाय. गणपतीचं पोट पोळीसारखं लागतंय बघ."

मग नम्रताकडे वळून म्हणाले, "हातातली माती धू. पेन कुठं ठेवलंस?"

पेपरच्या दिवशी त्यांनी खरंच तिला गाडीवर बसवून स्टेशनला नेलं. डोक्यावर छत्री इंदुबाईंनी धरायची म्हणून त्याही मागे बसल्या, म्हणजे गाडीवर तिघं. कारखान्यात मी आणि मोरीतला भाऊ. दिवसभर आम्ही दुसऱ्या मूर्तीला ऊब देत होतो, पण लक्ष सगळं रोह्याकडे.

संध्याकाळी ती परतली. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. "मामा, आला! दोन सारखे दिवे एकसर जोडले तर प्रत्येकाला किती व्होल्ट, आन किती शक्ती? मी वाचलं नि मला हसूच आलं. बाजूची पोरगी म्हणाली, काकी, पेपर सोपा हाय वाटतं? मी म्हटलं, नाय गो, ह्यातले दोघं माझ्या घरात टांगलेत!"

इंदुबाई म्हणाल्या, "एक माझा हाय. तो मोरीचा. असं लिहिलंस का?"

निकाल मोबाईलवर लागला. नम्रतानं बोट फिरवलं आणि विज्ञानाच्या समोर पास दिसलं. तिनं लगेच वैशालीबाईंना फोन लावला. तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ही जोरात म्हणाली, "व्हय बाई, आता डोक्यात पण हाय!" हिरामणांनी अष्टमीच्या बाप्पाचे डोळे रेखायला त्याच दिवशी घेतले. म्हणाले, आज हात थरथरणार नाय. नाही थरथरला. ती मूर्ती वाजतगाजत रोह्याच्या दिशेनं निघाली तेव्हा मी जळत होतो, भावाबरोबर, सारख्या तेजानं. माझी माती, माझं पोट, माझा विजय! जरा तरी फुशारकी मारू द्या.

आता नम्रता सकाळी आयटीआयला जाते. तिथून येताना स्क्रूड्रायव्हर केसात खोचून येते. इंदुबाई कुरकुरतात, की सून आहे की फिटर. पण शेजारणीचा पंखा बिघडला की त्याच अभिमानानं सांगतात, "थांब, आमच्या इलेक्ट्रिशियनला पाठवते."

आणि मी? पूर्ण शंभरानं जळत राहिलो असतो तर एव्हाना तार तुटून कचऱ्यात पडलो असतो. अर्ध्या दाबावर तार दमत नाही. आता मी अनेक गणपती बघणार, तुमचे एलईडी तीनदा बदलतील तोवर. मिरवणारा शंभर लवकर मेला असता. वाटून घेणारा पंचवीस टिकला. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्याच अंगावर लिहिलं गेलंय.

मोरीत आता एलईडी आहे. इंदुबाई म्हणतात, साबण डोळ्यात जात नाही, पण अंघोळीला ऊबच वाटत नाही. कधीमधी जुना गोळा मागायला येतात. नम्रता हात जोडते, "आई, तो काढला तर हा पण विझंल. एका तारेवर हायेत दोघं." इंदुबाई आम्हा दोघांकडे बघतात, मग तिच्याकडे, आणि बादली उचलून परत जातात.

संध्याकाळी ती माझ्याखाली बसते, आयटीआयचं जाड पुस्तक उघडते. सध्या समांतर जोडणी चाललीय. ती मनातल्या मनात वाचते हो! माझं शिक्षण अजून अर्धं राहिलंय. म्हणून आता होल्डरात जरासा हललो आणि लुकलुकलो. भाऊही लुकलुकला.

तिनं वर पाहिलं. हसली.

"बरं बाबा," म्हणाली, "मोठ्यानं वाचते."